माझं बोट, त्यांचा मुहूर्त

यंदा गणपतीच्या आधी नांदेडहून एक विक्रेता आमच्या दवाखान्यात आला. त्यानं टेबलावर कॉम्प्युटर चालवणाऱ्या नव्या डॉसचा खोका ठेवला, आमचा जुना लॅपटॉप बघितला आणि लग्नाला फाटकी चप्पल घालून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा माझ्याकडे बघून हसला.

“मॅडम, यंदा विद्यापीठाचंसुद्धा नाव बदललं. तुमचं डॉस काय बदलत नाही?”

खोलीतले सगळे हसले. ते नामांतर लोकांनी सोळा वर्षं झगडून मागून घेतलं होतं. हे डॉस आमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. हे मला त्याला सांगायचं होतं, पण एवढं लांब वाक्य चारचौघांत माझ्या तोंडून निघत नाही. मी फक्त “नको” म्हणाले. मात्र इतक्या मोठ्यानं म्हणाले, की शेजारच्या खोलीत डोळ्यांत औषध घालून निजलेली दोन-तीन माणसं उठून बसली.

हे ‘नको’ म्हणायला मला दोन वर्षं उशीर झाला होता. संपादकांनी “तुमच्या कामाबद्दल लिहा” असं कळवलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

आमची संस्था मोतीबिंदूची शिबिरं घेते. गावोगावची म्हातारी माणसं परभणीत आणायची, डोळ्याचं ऑपरेशन करायचं, गावी पोचवायचं. बाहेरच्यांना वाटतं, ऑपरेशन झालं की संपलं. तसं नसतं. ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकतात. त्यानंतर उजेड दिसतो, पण सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. काढलेल्या भिंगाचं काम बाहेरून जाड काचेचा चष्मा करतो. दीड महिन्यानं डोळा बरा झाला की चष्म्याचा नंबर काढायचा, मग काचा घासून आणायच्या. तो चष्मा नाकावर बसला, की मगच माणसाला खऱ्या अर्थानं दिसू लागतं.

पूर्वी आमच्याकडे सगळ्यांना एकाच नंबरचे चष्मे वाटत. दहा म्हणजे दहा. ज्याला साडेअकरा लागे त्यानं नशिबाला बोल लावावा. हे ज्यांना सहन झालं नाही ते आमचे जब्बारभाई. नंबर काढण्यात त्यांची हयात गेली. काचांची लाकडी पेटी काखेत मारून ते एसटीनं पालमला जात, पोखर्णीला जात, प्रत्येकाचा नंबर वेगळा काढत. त्यांच्या हट्टामुळेच संस्थेला कुणा परदेशी दात्याचा वापरलेला लॅपटॉप मिळाला, आणि तो चालवायला मी मिळाले.

माझी शाळा सिकंदराबादेतली, इंग्रजी माध्यमाची. वडिलांची बदली परभणीला झाली तेव्हा मी पदवी घेऊन घरात बसले होते. इंग्रजी येतं म्हणजे कॉम्प्युटर येतच असणार, असा इथं सगळ्यांचा समज. कॉम्प्युटर मी नोकरी लागल्यावर शिकले, लॅपटॉपबरोबर आलेलं जाड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून. या जिल्ह्यात ते पुस्तक वाचणारी मी बहुधा एकटीच. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

काम असं चाले: शाळेच्या ओसरीवर म्हातारी माणसं रांगेनं बसत. जब्बारभाई त्यांच्या नाकावर लोखंडी चौकट चढवून काचा बदलत जात आणि नंबर उच्चारत. मी नाव, गाव, डोळा, नंबर टाइप करी. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे हेडमास्तरांच्या खोलीतून वायर ओढावी लागे. परत आल्यावर यंत्र नंबरांप्रमाणे यादी लावून देई. ती छापून हैदराबादला काचा घासणाऱ्याकडे जाई. चष्मे यायचे ते नुसत्या नंबरांचे गठ्ठे बांधून. कोणता चष्मा कुणाच्या नाकाचा, हे फक्त माझ्या यादीला माहीत असे.

आधी एक वहीसुद्धा होती. ती आमच्या सेक्रेटरींनी, भाऊरावांनी, बंद केली. भाऊराव संस्थेचे आधारस्तंभ, जिपेचे मालक आणि मोठ्या मनाचे, हे खरंच आहे. पण त्यांचा एक नियम होता: नवं आलं की जुनं तिथल्या तिथं मोडीत. “कॉम्प्युटर असताना वही कशाला? मोटार घेतल्यावर कोन बैलाला पेंड चारतंय का?” सगळे हसले, मी वही कपाटात ठेवली. तेव्हाही मला काही म्हणायचं होतं.

आता डॉसबद्दल. एसटी स्टँडवर कंट्रोलर असतो. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, कोणती आधी सुटेल, हे तो ठरवतो. तो जागेवर नसेल तर गाड्या असून प्रवासी नुसते बसून राहतील. कॉम्प्युटरमध्ये हे काम डॉस करतं. आमच्या लॅपटॉपमधला कंट्रोलर म्हातारा होता, पण त्याला त्या स्टँडचा खड्डान् खड्डा ठाऊक होता. नवा कंट्रोलर हुशार खरा. त्याला मात्र मोठी खोली लागते, आणि आमच्या लॅपटॉपमध्ये खोलीच लहान. शिवाय पुस्तकात एक वाक्य होतं: या यंत्राची डिस्क विशिष्ट तऱ्हेनं विभागलेली आहे, त्यामुळे यासाठीच बनवलेलं डॉस वापरा; दुसरं घातल्यास डिस्कवरचं काहीही वाचता येणार नाही.

नव्याला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. जुन्यानं एखादं काम अडत असेल, यंत्रात नव्याला जागा असेल आणि बिनसल्यास मागं फिरता येत असेल, तर जरूर बदलावं. आमचं काहीच अडत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात भाऊरावांनी बैठक बोलावली. एका दुकानदारानं पाच नंबरचं नवं डॉस संस्थेला दान द्यायचं कबूल केलं होतं. दान म्हणजे फोटो, फोटो म्हणजे पेपर. बैठकीत पाच पुरुष आणि मी. चहाचा ट्रे दारातून आला तो कुणीही न सांगता माझ्या हातात दिला गेला. मी कप वाटले आणि खुर्चीत बसून पुस्तक उघडलं.

“मॅडम, इंग्रजीत काय लिवलंय ते जरा वाचून दाखवा,” भाऊराव म्हणाले.

मी ते वाक्य वाचलं आणि मराठीत सांगितलं. “म्हणून नको,” असंही म्हणाले.

“काय?” टोकाला बसलेल्या एकानं विचारलं.

“मॅडम म्हनतात, जपून करा,” भाऊरावांनी परस्पर सांगून टाकलं. “बरोबरच हाय. इंजिनिअर येनार हाय, जपूनच करनार. चला, दसऱ्याचा मुहूर्त पक्का.”

मी तसं म्हणाले नव्हते. पण दुसऱ्यांदा बोलायला पहिल्यापेक्षा दुप्पट धीर लागतो, आणि माझ्याकडे तो पहिल्यांदाच जेमतेम होता. बैठक संपली.

मला जमण्यासारखं एकच होतं, ते मी केलं. लॅपटॉपवरचं सगळं पाच फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. फ्लॉपी म्हणजे चौकोनी प्लास्टिकच्या खोळीतली पातळ तबकडी. खोळीला वर एक रुपेरी पट्टी असते. यंत्रात घातल्यावर ती सरकते आणि तेवढ्या फटीतून यंत्र तबकडी वाचतं. एवढा मजकूर एका फ्लॉपीवर मावत नाही, त्यामुळे माझी यादी पाचांवर पसरली होती. पोखर्णी आणि पालमच्या याद्या छापून हैदराबादला गेल्या होत्या. राणीसावरगावचे नंबर काढून चारच दिवस झाले होते आणि प्रिंटरची रिबन संपली होती. म्हणजे राणीसावरगाव फक्त लॅपटॉपमध्ये आणि त्या पाच फ्लॉप्यांवर होतं.

त्या यादीत सोजरबाई होत्या. साठी उलटलेल्या, काटक, एकट्या राहणाऱ्या. श्रावणात ऑपरेशन झालेलं. नंबर काढताना जब्बारभाईंनी योग्य काच घातली तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, “अगं माय, तू तर लेकरूच हाईस की! आवाजावरनं मोठी वाटलीस.” मग त्यांनी विचारलं होतं, “दिवाळीपस्तोर चष्मा येतो का? पऱ्हाटी फुटायलीय. चाचपून कापूस वेचता येत न्हाई.” मी “येतो” म्हणून सांगितलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी दवाखान्यात झेंडूची तोरणं लागली. ऑपरेशनची हत्यारं, जब्बारभाईंची पेटी, जिपेची किल्ली, सगळं पाटावर मांडलेलं. मधे लॅपटॉप, त्याला हार. भाऊराव सोवळं नेसून बसले होते.

“मॅडम, त्या तुमच्या चकत्या बी आना. समदी विद्या त्यातच हाय म्हनता ना?”

मी स्टीलच्या डब्यातून पाचही फ्लॉप्या काढून पाटावर ठेवल्या. कुणी हिसकावून घेतल्या नाहीत. मीच ठेवल्या. वाटलं, वरच्या प्लास्टिकला लावतील कुंकू, पुसून घेईन.

भाऊरावांनी पहिली फ्लॉपी उचलली, उलटसुलट केली, अंगठ्यानं रुपेरी पट्टी सरकवली आणि आतल्या काळ्या तबकडीवर हळदीकुंकवाचं ओलं बोट टेकवलं.

“सर, नको, तिथं नको.”

“टरफलाला कुंकू लावून काय करायचं, मॅडम? देव गाभाऱ्यात असतो.” लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. घंटा वाजत होती. मी पुढे होईपर्यंत तीन फ्लॉप्यांचे गाभारे लाल झाले होते. चौथी मी हातातून जवळजवळ ओढून घेतली, तेव्हा भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की ती आणि पाचवी मुठीत धरून मी मागं सरले.

त्यांचा भाव खोटा होता असं मी म्हणणार नाही. माझा राग त्याहून सोप्या गोष्टीचा आहे. ज्या वस्तूची पूजा करायची ती काय आहे, हे जिला ठाऊक आहे ती दोन हातांवर उभी होती. तिला विचारायचं राहून गेलं.

मग इंजिनिअर पुढे आला. बावीस-तेवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, कसलासा सहा महिन्यांचा कोर्स. त्यानं नव्या डॉसची फ्लॉपी घातली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे नव्या डॉसला आमची डिस्क दिसेना. तो जरा घाबरला, पण शर्टाला चुणी पडू दिली नाही.

“डिस्कची नव्यानं वाटणी करावी लागेल. मॅडमकडे कॉपी आहे ना?”

“आहे, पण आधी ती तपासू द्या,” मी म्हणाले. “कुंकू लागलंय. वाचता येते का बघू द्या.”

“मुहूर्त चाललाय, मॅडम,” मागून कुणी तरी म्हणालं.

पडद्यावर एक ओळ उमटली. भाऊराव माझ्याकडे वळले. “काय म्हनायलंय ते?”

मी मराठीत सांगितलं, “ते विचारतंय, इथलं सगळं पुसलं जाईल, पुढं जाऊ का? हो किंवा नाही.”

“मग हो म्हना की. बांध मोडल्याबिगर नवी वाटणी हुती का कुठं?” आणि मग त्यांना एकदम सुचलं. “थांबा, थांबा. शुभकार्य हाय. लक्ष्मीच्या हातानं हुंद्या. मॅडम, या. तुमी दाबा बटन.”

कुणी तरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. फोटोवाला सरसावला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला चारचौघांनी बघितलेलं सहन होत नाही, लहानपणापासून नाही. तेवढ्यासाठी मी शाळेत बक्षीस घ्यायलासुद्धा जात नसे. आठवडाभर माझं मत कुणाला नको होतं. आता माझं बोट हवं होतं.

मी बटण दाबलं.

टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. इंजिनिअरनं नवं डॉस बसवलं आणि ते सुरूही झालं. त्यानंतर मी पहिली फ्लॉपी घातली. यंत्रातून चाळणीवर वाळू घासावी तसा आवाज आला. दुसरी घातली. मग चांगली पाचवी घातली, तर तीही वाचेना, कारण तोवर कुंकू यंत्राच्या आतल्या वाचणाऱ्या भागालाच चिकटलं होतं. इंजिनिअर बसची वेळ झाली म्हणून निघून गेला.

जब्बारभाईंनी काचा पुसायचं स्पिरिट आणि कापूस आणला. आम्ही दोघांनी तो भाग पुसून काढला, मग जुन्या मूळ फ्लॉपीवरून जुनं डॉस परत घातलं. चौथी आणि पाचवी वाचता आली. पहिल्या तिघींच्या तबकड्यांवर पुसल्यानंतरही गुलाबी ओरखडे राहिले. यादीचे तीन भाग गेले, दोन राहिले, आणि राहिलेल्या दोनांत राणीसावरगावचं एकही नाव नव्हतं.

“बेटी, काच असती तर मी पुसून दिली असती,” जब्बारभाई म्हणाले. त्यांच्या बोटांना अजून लाल रंग होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊराव म्हणाले, “आता काय सांगावं साहेब. बटन मॅडमच्याच हातानं दाबलं गेलं.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर माझ्या अंगाची आग झाली. मी डॉक्टरांसमोरून तशीच निघाले. घरी जाऊन राजीनामा लिहिला, चांगल्या इंग्रजीत. जब्बारभाईंनी तो वाचायला मागितला. इंग्रजी त्यांना नंबरांपुरतंच येतं. त्यांनी कागदाची घडी घालून तो काचांच्या पेटीत टाकला.

“इस्तीफा देऊ नकोस. तू गेलीस की त्यांचंच खरं होऊन बसेल. आणि तिथं माणसं बिनचष्म्याची बसलीयत, त्यांचे नंबर मी काढीन, पण लिहील कोण?”

राणीसावरगावला पुन्हा जायला दिवाळीनंतरचा दिवस उगवला. या वेळी भाऊराव स्वतः जीप घेऊन आले. शाळेच्या ओसरीवर तीच माणसं, तशीच बसलेली. कुणी नातवाचं बोट धरून आलेलं, कुणी भिंत धरून. भाऊरावांनी हात जोडले.

“मंडळी, माफी असावी. मशीन बिघडली. मानसागत मशीन बी आजारी पडती. तवा नंबर पुन्यांदा काढायचेत.”

माणसांनी माना हलवल्या. कुणी तक्रार केली नाही. हेच मला सोसवेना. महिनाभर आंधळं बसवून ठेवलं, तरी ही माणसं यंत्राची विचारपूस केल्यासारखी हळहळत होती. एक आजोबा तर म्हणाले, “आता बरी हाय न्हवं मशीन?”

सोजरबाई पहिल्याच रांगेत होत्या. मी त्यांचा हात धरून स्टुलाकडे नेऊ लागले तेव्हा हाताला काही तरी खरखरीत लागलं. बोटांची पेरं चिरलेली, नखांच्या कडेला सुकलेलं रक्त. कापसाचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्या सुऱ्यांसारख्या होतात. दिसणारा माणूस त्या चुकवतो. त्या चाचपून वेचत होत्या.

“चष्मा आला का माय?” त्यांनी मला आवाजावरून ओळखलं नव्हतं, मी बोललेच नव्हते. हातावरून ओळखलं.

“नाही आला.”

“मशीन कशानं मोडली?”

भाऊराव पुढे झाले. “अगं मावशे, सांगितलं न्हवं, मशीनचं काय...”

“मशीन मोडली नाही,” मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू निघाला. पण ओसरीवरच्या माना माझ्या दिशेनं वळल्या. “मशीन चांगली होती. आम्ही ती नवी करायला गेलो आणि तुमची नावं पुसली. बटण मी दाबलं. त्याआधी मी नको म्हणाले होते.”

“कुनाला म्हनालीस?”

“यांना. सगळ्यांना.”

“मंग?”

“मी हळू म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही.”

सोजरबाईंनी मान वर केली. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. धुक्यातला एखादा ठिपका दिसत असेल. त्या रागावल्या होत्या, आणि तो राग मला बरा वाटला, कारण त्या ओसरीवर मी सोडून दुसरं कुणी तरी पहिल्यांदा रागावलं होतं.

“मोठ्यानं म्हनायचं की मंग! आमाला दिसत न्हवतं गं. ऐकू तर येत व्हतं.”

भाऊराव जिपेकडे गेले. थोड्या वेळानं ते हेडमास्तरांकडून दोनशे पानी कोरी वही घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. यंदा माझ्या ‘नको’नंतर विक्रेत्यानं त्यांच्यापुढे खोका सरकवला, तेव्हा मात्र त्यांनी तो उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडमला इचारा.” त्यांच्याकडून मला एवढंच मिळालं, आणि त्यासाठी आभार मानायची माझी तयारी नाही. ते माझं पहिल्या दिवसापासूनचं होतं.

त्या दिवशी जब्बारभाईंनी चौकट सोजरबाईंच्या नाकावर चढवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली. “साडेदहा,” ते म्हणाले.

मी वहीची पहिली ओळ लिहिली. तेव्हापासून आमच्याकडे रिवाज आहे: आधी वही, मग यंत्र, आणि लिहिलेलं प्रत्येक नाव मोठ्यानं परत वाचायचं, ज्याचं त्याला ऐकू जाईल असं. तो रिवाज त्या ओसरीवर सुरू झाला. मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे जेवढं त्यांना बघता येत होतं तेवढं.

“सोजरबाई. राणीसावरगाव. उजवा डोळा. साडेदहा.”

“हां,” चौकटीमागून सोजरबाई म्हणाल्या, “आता आलं ऐकू.”